आयत्या वेळचे विषय

सभा साडेदहाची आहे. साडेदहाला हॉलमध्ये दोन सतरंज्या, एक प्रोजेक्टर, भिंतीला टेकवून ठेवलेली लसीकरणाची जुनी पोस्टरं आणि मी, एवढेच हजर आहोत. बायका यायला सव्वाअकरा होतात. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही आणि सध्या ती लवकर भरत नाही, कारण माणसं शेतात आहेत. ऑक्टोबर सरत आला आहे. सोयाबीन निघालं, कापूस फुटायला लागलाय. यवतमाळ जिल्ह्याचा हा दक्षिण कोपरा, केळापूर आणि झरी-जामणीकडचा. पुढे थोड्या अंतरावर तेलंगणाची हद्द लागते. या दिवसांत इथली बाई सकाळी ओटी बांधून वेचणीला जाते. जी आज आरोग्य केंद्राच्या सभेला आली, तिची आजची वेचाई बुडाली.

एकेक जण येते, चपला दाराशी काढते, सही करते आणि भिंत धरून बसते. मधल्या जागेत कोणी बसत नाही. पाठ टेकायला मिळणं ही आजच्या दिवसातली पहिली सवलत आहे आणि ती कोणी सोडत नाही. प्रत्येकीच्या खांद्याला पिशवी आहे, पिशवीत आशा डायरी, गरोदर मातांची नोंदवही, बाळांच्या घरभेटीचे फॉर्म, मोबदल्याचा फॉर्म आणि चार्जर. प्लगपाशी चार्जरांची रांग लागते. दोघींच्या पदराला सरकीची बोंडकी चिकटली आहेत. म्हणजे पहाटे एक फेरी शेतात मारूनच त्या आल्या आहेत.

वैद्यकीय अधिकारी तरुण आहेत, बंधपत्रावरचे. रात्री दोन प्रसूती झाल्यात, डोळे लाल आहेत. ते उभ्यानेच यादी वाचतात: सिकलसेलच्या तपासण्या मागे आहेत, आयुष्मान कार्डं मागे आहेत, तिशीपुढच्यांचे मधुमेह-रक्तदाबाचे सीबॅक फॉर्म ऑनलाइन चढलेले नाहीत, क्षयरोगाच्या संशयितांची थुंकी कमी येते. "टार्गेट माझं नाही, वरून आलंय," असं ते दोनदा म्हणतात. बायका माना डोलावतात. घर तेच आणि त्यातली माणसंही तीच. पण सिकलसेलचा कागद वेगळा, क्षयरोगाचा वेगळा, मधुमेह-रक्तदाबाचा वेगळा. एकाच ओसरीवर एकच बाई एका महिन्यात चार वेळा जाऊन तेच नाव, तेच वय, तोच आधार क्रमांक विचारते. घरचे लोक तिला पाहून आत निघून जातात, असं माझ्या शेजारी बसलेल्या मावशी मला हळूच सांगतात. मावशींचं डोकं पांढरं झालं आहे. राज्यात आशा नेमायला सुरुवात झाली तेव्हाच्या त्या आहेत.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण हॉलमधल्या शांततेचा त्याच्याशी संबंध आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकवस्तीमागे एक आशा असं ठरलं. आदिवासी भागात पाडा, पोड, टोला असेल तर तिथलीच बाई. कागदावर ती स्वयंसेविका आहे, त्यामुळे रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. मोबदला कामागणिक मिळतो. गरोदर बाईची नोंद ते दवाखान्यातलं बाळंतपण याचे ग्रामीण भागात ६०० रुपये, तेही दोन टप्प्यांत. नवजात बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन तपासायचे सगळे मिळून २५०. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाईचा मृत्यू कळवला तर २००. राज्य सरकारने दरमहाची ठरावीक रक्कम अधूनमधून वाढवली आहे, आणि प्रत्येक वाढीच्या आधी एक संप आहे. २०२१च्या जूनमध्ये संप, २०२३च्या ऑक्टोबरात संप, २०२४च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर ठिय्या. मग मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा निर्णय. दरम्यान २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्या पुरस्काराची फोटोकॉपी या हॉलच्या दारामागे चिकटवलेली आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यावर कोणीतरी फोन नंबर लिहून ठेवला आहे.

पुढचा विषय म्हणून ‘ताणतणाव व्यवस्थापन’ पुकारला जातो. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमातून एक समुपदेशक आले आहेत. चाळिशीचे, अंगाने बारीक, बोलायला मऊ. स्लाइड लागते: डोक्याला हात लावून बसलेला टाय घातलेला माणूस. खाली चार ओळी. पुरेशी झोप घ्या. छंद जोपासा. नाही म्हणायला शिका. स्वतःसाठी वेळ काढा.

"छंद म्हणजे कसं," ते विचारतात, "कोणाला काय आवडतं?"

कोणी बोलत नाही. मागून एक आवाज येतो, "मोबदला जमा झाल्याचा मेसेज."

हॉल खदखदतो. समुपदेशकही हसतात आणि स्लाइड पुढे सरकवतात. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा प्रयोग होतो. मी डोळे उघडे ठेवतो. ते माझं कामच आहे. बावीस बायकांपैकी बाराएक जणींचे डोळे मिटलेत, त्यातल्या तिघी खरोखर झोपल्यात. उरलेल्या मान खाली घालून फॉर्म भरताहेत. श्वास आत, रकाना चार. श्वास बाहेर, रकाना पाच.

या माणसाची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. चहाच्या वेळी ते मला सांगतात की त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची असते, दरवर्षी नवा आदेश निघतो आणि मधले काही दिवस ते बेकारच असतात. त्यांच्याकडे कितीतरी केंद्रं आहेत. ते टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, तो चोवीस तास चालतो हे सांगतात आणि जाताना तो पुसू नका म्हणतात. हे त्यांनी चांगलं केलं. पण स्लाइडवरचा टायवाला माणूस आणि पदराला सरकी चिकटलेली बाई यांच्यात जे अंतर आहे, ते त्यांनाही दिसतंय. स्लाइड त्यांनी बनवलेली नाही.

थकव्याच्या या प्रकाराचा अभ्यास सुरू झाला तोही टायवाल्यांपासून नाही. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’वरचा पहिला गाजलेला लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात व्यसनी मुलांसाठी रात्र-रात्र राबणारे स्वयंसेवक, आणि त्यांच्यातलाच एक असलेला तो स्वतः, यांच्याकडे पाहून. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: माणूस पिळून निघतो, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासून मनाने तुटतो, आणि आपल्या हातून काही होत नाही असं त्याला वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हेच तीन धागे धरून त्याची व्याख्या केली आणि तो कामाच्या ठिकाणी उपजतो असं स्पष्ट लिहिलं. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी तो उपजण्याच्या सहा जागाही दाखवल्या आहेत: कामाचा बोजा, त्या कामावर आपला ताबा, मिळणारा मोबदला, सोबतीची माणसं, न्यायाची वागणूक आणि आपली मूल्यं. दुपारपर्यंतच्या चौतीस स्लाइडांमध्ये या सहांपैकी एकही नाही. झोप आणि छंद आहेत. म्हणजे बाई मोडली तर ती नीट झोपली नाही म्हणून.

एक वाजता डॉक्टर ओपीडीत जातात, समुपदेशक पुढच्या केंद्राकडे निघतात आणि लाइट जाते. हे तिन्ही एकदम होतं आणि हॉलमधला ताण बऱ्यापैकी उतरतो.

डबे उघडतात. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, एकीकडे तुरीचं घट्ट वरण. माझ्यापुढे कोण काय ठेवतंय ते मला कळतही नाही. गटप्रवर्तक ताई मात्र जेवत नाहीत. त्या खिडकीपाशी उजेडात बसून नोंदवह्या चाळताहेत. गटप्रवर्तक म्हणजे आशांच्या वरची पायरी. महिन्यातले वीस दिवस गावोगाव फिरून आशांबरोबर घरभेटी करायच्या, त्यांचे कागद तपासायचे. ताईंची स्कूटी बाहेर उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना लाल चिखलाची पुटं आहेत. पंचेचाळिशीच्या आहेत, आवाज बसका आहे, आणि पोळपाटाएवढ्या नोंदवहीत त्या एका बोटाने उभ्या रकान्यातून खाली येतात. ते बोट एका पानावर थांबतं. त्या मला खुणेने बोलावतात.

"हे पाहा."

पान नवजात बाळांच्या घरभेटींचं आहे. श्वासांचा रकाना: ४४. खाली ४४. त्याखाली ४४. पुढच्या पानावरही ४४. वजनाच्या रकान्यात २.५, २.५, २.५. ताप: नाही. दूध ओढतं का: हो. अक्षर सुरेख आहे, एकही खाडाखोड नाही.

"चांगलं लिहिलंय की," मी म्हणतो.

"तेच तर. लेकरू कधी चव्वेचाळीसवर थांबते का?" त्या मागची पानं उलटतात. जुलैतली पानं. ३८, ५१, ४७, मग ५८ खोडून ५६. वजन २.१५, २.३. एका ओळीपाशी समासात बारीक अक्षरात ‘आजी गुटी देते, समजावलं’. पाण्याचा एक डाग. "पयले हिच्या वहीत एकबी आकडा गोल नसे. एक मिनिट पुरं घड्याळ धरून मोजे. आता घरी बसून लिहिते, नाही तं दारातून पाहून येते."

"रागवाल?"

"रागवून काय होते? सरांना दाखवलं तं मेमो निघंल. मेमो निघाला तं उद्या पंचेचाळीस लिहील."

मला वाटतं, बर्नआउट मोजायला परदेशात ज्या प्रश्नावल्या आहेत त्यांच्यापेक्षा हा रकाना जास्त खरं सांगतो. पण तो वाचणारी बाई खिडकीपाशी बसलेली हवी.

अडीचला डबे झाकले जातात आणि बायका भिंत सोडतात. कोणी सांगत नाही, पण सगळ्या मधल्या सतरंजीवर येऊन गोल करतात. मावशी उठून दार लोटतात. मोबाइल उलटे ठेवले जातात, वह्या पिशव्यांत जातात. ताई माझ्याकडे पाहतात. "तुम्ही बसा, पण लिहू नका. नावं कुठंच यायला नको." मी वही मिटतो. पुढचं सारं मी आठवणीतून, आणि त्यांनी नंतर दिलेल्या परवानगीने लिहितो आहे.

सुरुवात हलक्या बोलण्याने होते. कोणाच्या नवऱ्याने दारू सोडली, कोणाच्या मुलीला नर्सिंगला लावायचंय. मग फळ्यावरच्या १४४१६वरून एक जण विषय काढते. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आशांनी घरोघर जाऊन उदासीची लक्षणं विचारायची होती. झोप लागते का, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का.

"साऱ्या गावाले इचारलं म्या," ती म्हणते. "घरी आली आन् बसल्या-बसल्या माया स्वतःचाच फॉर्म भरला."

"किती मार्क आले वं?"

"नाही सांगत."

सगळ्या हसतात, तीही हसते. ताई हसत नाहीत. त्या तिच्याकडे पाहून इतकंच म्हणतात, "तू मले जाताना भेटून जा."

मग त्या चव्वेचाळीसवालीकडे वळत नाहीत. तिचं नाव घेत नाहीत, वहीचा विषयही काढत नाहीत. मावशींना म्हणतात, "मावशी, तुमचं ते पहिलं लेकरू सांगा. नवीन पोरींनी आयकलं नाही."

मावशी सांगतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं आहे. जुळं होतं, एक गेलं. गावात पोळ्याचा सण होता आणि गाडी मिळाली नाही. त्या वेळी फोन नव्हता, बैलगाडीने निघालो होतो. किती वेळ लागला, रस्त्यात कुठे थांबलो, बाळाला कोणत्या रंगाच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं, हे सगळं त्या थंडपणे सांगतात. कोणी मध्ये बोलत नाही. "तवा मले वाटलं मायामुळं गेलं. आता मले मालूम हाय, मायामुळं नाही गेलं. पण हे मालूम व्हायले सात वर्षं लागली."

गोलात शांतता आहे. बाहेर कोणीतरी पंपाचं बटण दाबून पाहतं. लाइट अजून आलेली नाही.

तेव्हा ती बोलायला लागते. तिशीची असेल, पोडावरची आहे. या भागातल्या कोलाम वस्त्यांना पोड म्हणतात; हिचं पोड नाल्याच्या पलीकडे आहे. ती आधी अर्धं कोलामीत बोलते, मग सावरते.

"पावणेदोन किलोचं होतं. दवाखान्यातून आणलं तवा बरं होतं. तिसऱ्या दिवशी गेली मी, चांगलं ओढे. सातव्या दिवशी गेली तं..." ती हातातल्या घड्याळाकडे पाहते, नवजात बाळांच्या घरभेटींसाठी मिळालेल्या किटमधलं घड्याळ, पट्टा दोऱ्याने शिवलेला. "बहात्तर. परत मोजलं. चौऱ्याहत्तर."

साठच्या वर श्वास गेले की धोका, हे इथे प्रत्येकीला झोपेतही माहीत आहे. एकशे दोनची गाडी दुसरं बाळंतपण घेऊन गेलेली. एकशे आठ आली, पण नाल्यापर्यंत. पुढे मोटारसायकल. बाळ हिच्या मांडीवर होतं. नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, कुठे श्वास थांबला, हे तिला नक्की सांगता येत नाही, आणि तिला तेच सगळ्यात जास्त सलतंय असं दिसतं.

"मंग त्या चौकशीत इचारलं, पाचव्या दिवशी काहून नाही गेल्या? फॉर्मात तं तिसरा आन् सातवा हाय." ती सगळ्यांकडे पाहते. "पाचवा कुठं हाय?"

"नाही पाचवा," तीन-चार जणी एकदम म्हणतात.

"लेकराची माय मायी पुतणी लागते. नळ तिच्या घरासमोर हाय. मी पाण्याले जात नाही आता. पोरीले पाठवतो. कोनाचं बाळ पाहाले गेली तं मोजाले भेव वाटते. मोजलं आन् साठ निघाले तं?"

ती वहीचं स्वतःच सांगून टाकते. चव्वेचाळीस कुठून आले तेही सांगते: प्रशिक्षणातल्या उदाहरणात तो आकडा होता.

शहरातला समाजसेवक, समुपदेशक, नर्स, कितीही पिचले तरी संध्याकाळी त्या इमारतीतून बाहेर पडतात. रस्ता बदलतो, माणसं बदलतात. आशेचं तसं नाही. जिथे बाळ दगावलं तो दरवाजा तिच्या नळाच्या वाटेवर आहे. लग्नात, मयतीत, रेशनच्या रांगेत तीच माणसं आहेत. काम संपवून जायला तिला दुसरी जागा नाही. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे तिला सांगणाऱ्याने एकदा पोडावर मुक्काम करून तो वेळ कुठे ठेवलेला असतो ते पाहून यावं.

मग गोलात जे होतं ते मी नीट पाहून घेतो. कोणीही ‘तू असं करायला पाहिजे होतं’ म्हणत नाही. कोणी ‘जाऊ दे, देवाची मर्जी’ असंही म्हणत नाही. एक जण विचारते, गाडीला फोन कितीला केला होता? दुसरी विचारते, लेकरू कपड्यात होतं का छातीशी? उत्तरं येतात. छातीशी होतं, कपड्याच्या आत, जसं शिकवलं तसं. "मंग तू सारं केलं," मावशी म्हणतात. हा दिलासा आहे, पण तपशिलात जाऊन दिलेला. कामाची जाण असलेल्यांनी काम तपासून दिलेला. आमच्यासारख्या बाहेरच्याला तो देता आला नसता.

दार ढकलून डॉक्टर आत येतात. त्यांना कपाटाची किल्ली हवी आहे. गोल पाहून थबकतात. ताई किल्ली देतात आणि म्हणतात, "सर, पोडावरच्या बाळाचं बोलून राहिलो."

ते किल्ली हातात घेऊन उभे राहतात. "त्या केसमध्ये जंतुसंसर्ग आधीच पसरलेला होता. आशाने वेळेत ओळखलं, वाहतूक मिळाली नाही, असंच मी अहवालात लिहिलंय. जिल्ह्याच्या बैठकीतही तेच म्हटलं गेलं. आशाची चूक नाही."

ती वर पाहते. "मले कोणी सांगितलं नाही, सर."

"अहवाल वर जातो ना," डॉक्टर म्हणतात, आणि वाक्य अर्धवट सोडतात. मग, जरा वेळाने: "मी तुला सांगायला हवं होतं."

बालमृत्यूच्या चौकशीचा कागद गावातून केंद्रात, केंद्रातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला जातो. प्रश्न विचारायला माणसं खाली येतात, निष्कर्ष सांगायला कोणी येत नाही. अडीच महिने ही बाई एका गुन्ह्याचं ओझं वाहते आहे, ज्यातून तिला कागदावर केव्हाच मोकळं केलेलं आहे.

यानंतर कोणी रडत नाही; वाटणी सुरू होते. मावशी शुक्रवारी पोडावर जाणार, मुक्कामी. दोघी मिळून त्या पुतणीच्या घरी जाणार, आधी नुसतं बसायला, कागद न घेता. पोडावर आणखी दोन बाळं आहेत, त्यांच्या पुढच्या दोन भेटी ताई स्वतः बरोबर येऊन करणार आणि श्वास दोघी वेगवेगळे मोजणार. तिचे या महिन्याचे सीबॅक फॉर्म शेजारच्या गावातल्या तिघी चढवून देतील, कारण पोडावर रेंज नाही आणि त्यासाठी तिला रोज टेकडी चढावी लागते. चव्वेचाळीसच्या चार पानांवर ताई लाल पेनाने ‘पुनर्तपासणी’ असं लिहितात. मेमो नाही, पण आकडे खोटे आहेत हे लपवलेलंही नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

"हे तुम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं?" मी ताईंना नंतर विचारतो.

"कुठल्याच नाही." कोविडात सुरू झालं, त्या म्हणतात. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. आशा थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर जायच्या, लोक दार लावून घ्यायचे, काही ठिकाणी अंगावर धावून आले. रात्री नऊनंतर बायका ताईंना फोन करत. एकेकीशी बोलून त्या थकल्या, मग एका सभेत सगळ्यांना म्हणाल्या, मला सांगता ते एकमेकींना सांगा.

त्यांना माहीत असो वा नसो, महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तिथल्या ग्राम आरोग्यसेविका, बहुतेक निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री तिथेच राहायच्या, आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. शिकणं आणि सावरणं एकाच खोलीत व्हायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला शिकवले. तिथल्या खेड्यांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि आजच्या सहा घरभेटींचं मूळ त्यात आहे. त्या कार्यक्रमाचा एक भाग नियमित, समजूतदार देखरेख हा होता. देशभर योजना गेली तेव्हा तिच्याबरोबर घड्याळ गेलं, काटा गेला, फॉर्म गेला. जामखेडची रात्र आणि गडचिरोलीची देखरेख यांतलं जे उरलं, ते अशा एखाद्या ताईच्या हौसेवर उरलं आहे. ताई स्वतःही मोबदल्यावरच आहेत, आणि त्यांना कोण विचारतं, हा प्रश्न मी विचारतो तेव्हा त्या स्कूटीची किल्ली शोधू लागतात.

साडेचार वाजता लाइट येते, प्रोजेक्टर आपोआप सुरू होतो आणि टायवाला माणूस पुन्हा भिंतीवर दिसतो. बायका पिशव्या उचलतात. शेवटची काळी-पिवळी पाचची आहे. स्वतःचा फॉर्म भरणारी ताईंजवळ थांबली आहे, दोघी बाकावर बसून हळू आवाजात बोलताहेत, तिकडे मी जात नाही.

टेबलावर सभेचं इतिवृत्त उघडं आहे. त्यात विषय क्रमांक पाच: ताणतणाव व्यवस्थापन प्रशिक्षण, उपस्थिती २२, प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले. विषय क्रमांक सहा: आयत्या वेळचे विषय, चर्चा झाली.

जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष लागला की तो त्या आशेला आठवड्याच्या आत, तोंडी आणि तिच्या भाषेत, कळवायची जबाबदारी कोणावर तरी टाका. एका घराचे चार फॉर्म एका भेटीत भरता येतील असं बघा. मोबदला दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा करा. गटप्रवर्तकेला या कामाचा दिवस धरून द्या. आणि पुढच्या मासिक सभेच्या नोटिशीत अडीच ते साडेचार ही वेळ फक्त आशांसाठी, असं छापून पाठवा.